आक्कांचा फोन आणि करपलेली भाकरी

दुपारची वेळ. अक्कलकोटातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या आक्का भाकरी थापत होत्या. फोन वाजला. पिठाच्या हातानेच उचलला, तर पलीकडून गोड हिंदीत, "मॅडम, आपका पाँच लाख का लोन पास हो गया है." आक्कांनी कर्ज मागितलेच नव्हते. तरी त्या दहा मिनिटे 'हां जी, हां जी' करत राहिल्या आणि तव्यावरची भाकरी करपली. "एवढ्या अदबीने बोलणाऱ्याचा फोन तोडायचा कसा गं?" असे मलाच विचारतात.

भगिनींनो, खुशाल तोडावा. त्या पोराला दिवसभर तेच ऐकायची सवय असते.

शहाणी माणसे सांगतात, अनोळखी फोन घेऊच नका. त्यांचे बरे आहे! आपल्याकडे उद्याचे काम मुकादमाच्या नव्या नंबरावरून कळते. पुण्याला गेलेला मुलगा कधी कुणाच्या फोनवरून बोलेल, नेम नाही. म्हणून आधी आकडे पाहावेत. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत.

हे फोन बंदही करता येतात. २००७ साली देशात त्यासाठी नोंदवही सुरू झाली. आता आपल्याच फोनवरून १९०९ ला फोन लावून 'जाहिराती नकोत' अशी नोंद करता येते, पैसे पडत नाहीत. बँकेत पैसे जमा झाल्याचे मेसेजही बंद होतील, ही भीती अनेकींना असते. ते बंद होत नाहीत.

खरा त्रास साध्या दहा आकडी नंबरांचा. असा नंबर, तारीख आणि बोलणे थोडक्यात १९०९ वर कळवावे. पूर्वी नोंद केलेली असो वा नसो, तक्रार घेतात. आधी त्याला तीन दिवसांची मुदत होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती सात दिवस झाली.

पण "कर्ज मंजूर आहे, आधी फाईलचे दोन हजार पाठवा" म्हणणारा विकायला आलेला नसतो, तो लुबाडायला आलेला असतो. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला फोन करावा. घरच्यांपासून लपवण्यात वेळ गेला की पैसे या खात्यातून त्या खात्यात पुढे सरकतात.

आक्कांची नोंद परवा नातीने करून दिली. तरी चुकून १४० दिसलाच, तर आक्का फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवतात आणि भाकरी उलटतात.