लिंबूटिंबू टीमकडून हरलो तर खापर कोणावर? कोचवर की खेळाडूंवर?

या भागाचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. मोठी टीम छोट्या टीमकडून हरली की व्हॉट्सॲपवर अर्ध्या तासात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "कोचला हाकला, तयारीच नव्हती." दुसरी म्हणते, "कोच काय बॅट घेऊन मैदानात उतरणार का? खेळाडूच माजलेत." आणि दोन्ही पार्ट्यांचं एका वाक्यावर एकमत असतं: "समोरच्याला हलक्यात घेतलं."

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. सिस्टिम बंद पडली की आमच्याकडे "कोणी पाडली?" याआधी "नेमकी कधी पडली?" हे विचारतात. वेळ कळली की कारण सापडायला लागतं. आज तोच प्रश्न मी खेळाला विचारणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हलक्यात घेण्याची चूक एकच नसते. मॅचच्या आधी होते ती वेगळी, मॅच चालू असताना होते ती वेगळी. पहिली बहुतेक वेळा कोचच्या खात्यात जाते, दुसरी खेळाडूंच्या. आता उदाहरणं बघू.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील. १७ मार्च २००७, वेस्ट इंडिजमधला वर्ल्ड कप, पोर्ट ऑफ स्पेनचं मैदान. भारत विरुद्ध बांगलादेश. भारत म्हणजे २००३ चा उपविजेता. राहुल द्रविड कॅप्टन, ग्रेग चॅपल कोच. टीममध्ये सचिन, सेहवाग, गांगुली, युवराज, धोनी. भारताने टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि सगळे १९१ वर आउट. बांगलादेशने ५ विकेट राखून मॅच मारली.

त्या वर्ल्ड कपमध्ये प्रत्येक गटात चारच टीम होत्या. भारताच्या गटात बांगलादेश, बर्म्युडा आणि श्रीलंका. म्हणजे फक्त तीन मॅच, आणि पहिल्या दोन टीम पुढे. आता स्वतःला टीम मॅनेजमेंटच्या खुर्चीत बसवा. तीनपैकी कोणत्या टीमवर जास्त डोकं लावाल? श्रीलंकेवर, बरोबर? ह्याला कोणी माज म्हणणार नाही. वेळ कमी असतो, मग जिथे धोका जास्त दिसतो तिथे मेहनत जास्त. हलक्यात घेणं बहुतेक वेळा असं, साध्या हिशोबातून सुरू होतं. त्यात कोणी समोरच्याला हसत नसतं.

पण हा हिशोब करायचा तर आकडे ताजे लागतात. बांगलादेशने २००४ च्या डिसेंबरमध्ये ढाक्यात भारतालाच हरवलं होतं. २००५ च्या जूनमध्ये कार्डिफला ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं. त्यांचे कोच होते डेव्ह व्हॉटमोर, १९९६ मध्ये श्रीलंकेला वर्ल्ड कप जिंकून देणारे. ही कोणाचीही गुपितं नव्हती, पेपरात छापून आलेलं होतं सगळं. तरीही आपल्याकडे त्या टीमवर शिक्का होता लिंबूटिंबूचाच. समोरची टीम आज काय आहे, हे आपल्या खेळाडूंच्या डोक्यात बसवणं हे कोचचं आणि सपोर्ट स्टाफचं काम. खेळाडू नेटमध्ये स्वतःच्या बॅटिंगमध्ये गुंतलेला असतो. समोरच्याचा अभ्यास करायला म्हणून तर स्टाफ ठेवतात.

आता घड्याळ पुढे सरकवू. भारत ७२ वर ४. गांगुली आणि युवराजने डाव सावरला, स्कोअर १५७ वर ४. इथून २३०-२४० सहज होतील असं कोणीही म्हटलं असतं. आणि मग १५७ वर ४ चे झाले १५९ वर ९! दोन धावांत पाच विकेट. धोनी, हरभजन, आगरकर तिघंही शून्यावर. शेवटी झहीर आणि मुनाफने ढकलत ढकलत १९१ पर्यंत नेलं. रझाक आणि रफीक या दोन डावखुऱ्या स्पिनरनी मिळून ६ विकेट काढल्या, मश्रफेने ४.

ह्या दोन धावांतल्या पाच विकेट कोचच्या नावावर कशा टाकणार? त्या वेळी कोच बाल्कनीत होता. क्रिकेटमध्ये कोचच्या हातात फार तर ड्रिंक्सबरोबर एक निरोप पाठवणं असतं. समोरचे बॉलर आज जोरात आहेत हे तोपर्यंत क्रीझवर जाणाऱ्या प्रत्येकाला दिसलेलं होतं. माहिती डोळ्यांसमोर असताना आपला खेळ बदलायचा की नाही, हा निर्णय खेळाडूचा.

मग खापर कोणावर फुटलं? सगळ्यांवर, आणि फार वाईट पद्धतीने. रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चाल करून गेले, तोडफोड केली. भारताने बर्म्युडाविरुद्ध ४१३ ठोकले, पण श्रीलंकेकडून ६९ धावांनी हरून घरी आला. एप्रिलमध्ये चॅपल यांनी पद सोडलं. आणि त्याच १७ मार्चला जमैकात पाकिस्तान १३२ वर आउट होऊन आयर्लंडकडून हरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे कोच बॉब वूल्मर हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडले आणि त्यांचा मृत्यू झाला. आधी खून म्हणून तपास सुरू झाला, काही महिन्यांनी जमैका पोलिसांनीच मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं. एका माणसाचा मृत्यू लोकांना लगेच एका हरलेल्या मॅचशी जोडावासा वाटला, यावरून तेव्हाचं वातावरण समजून घ्या. म्हणून म्हणतो, "चूक कोणाची" हा प्रश्न गंमतीचा नाही. त्याचं उत्तर घाईत दिलं की माणसं भरडली जातात.

बरं, आता एक खरा प्रयोग बघू. आम्ही ॲप बनवताना ए-बी टेस्टिंग करतो: एक गोष्ट बदलायची, बाकी तसंच ठेवायचं, मग फरक बघायचा. खेळात असं मुद्दाम करता येत नाही, पण साउथ आफ्रिका आणि नेदरलँड्सने ते जवळपास करून दाखवलंय.

मॅच पहिली. ६ नोव्हेंबर २०२२, ॲडिलेड, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. आफ्रिका जिंकली असती तर सेमीफायनलला. नेदरलँड्स १५८, आफ्रिका १४५. बाहेर! कोच होते मार्क बाउचर, जे नंतर आपल्या मुंबई इंडियन्सकडे आले.

मॅच दुसरी. १७ ऑक्टोबर २०२३, धर्मशाला, वनडे वर्ल्ड कप. कोच बदललेला, आता रॉब वॉल्टर. खेळाडू? डी कॉक, बवुमा, मार्करम, मिलर, क्लासेन, रबाडा हे सगळे दोन्ही मॅचमध्ये होते. पावसामुळे मॅच ४३ ओव्हरची. नेदरलँड्स १४० वर ७. संपल्यातच जमा. तिथून त्यांनी २४५ पर्यंत मजल मारली आणि आफ्रिका २०७ वर आउट. ह्याच आफ्रिकेने त्याच स्पर्धेत श्रीलंकेविरुद्ध ४२८ केले होते, ऑस्ट्रेलियाला १३४ धावांनी हरवलं होतं.

कोच बदलला, निकाल तोच. एका वर्षापूर्वीची जखम ताजी होती, म्हणजे "समोरच्याला ओळखत नव्हतो" असं तर कोणी म्हणूच शकत नाही. पहिले सात गडी स्वस्तात गेले, याचा अर्थ प्लॅनही चालला होता. मॅच निसटली ती शेवटच्या काही ओव्हरमध्ये, जेव्हा काम झालं असं वाटायला लागतं. ही दुसऱ्या प्रकारची चूक, मैदानावरची. इथे जबाबदारी कॅप्टन आणि बॉलरची.

मॅच तिसरी. जून २०२४, न्यूयॉर्क. कोच वॉल्टरच. आफ्रिकेला फक्त १०४ हवे होते आणि स्कोअर झाला १२ वर ४. पुन्हा तेच होणार असं वाटत होतं. पण स्टब्सने ३३ केले, मिलरने नाबाद ५९, आणि ७ बॉल राखून मॅच काढली. मिलर आधीच्या दोन्ही पराभवांत होता. ह्या वेळी त्याने समोरच्या बॉलिंगला मान दिला, घाई केली नाही, शेवटपर्यंत थांबला. दुरुस्ती मैदानावरच झाली.

आता तुम्ही म्हणाल, मग कोच सुटला का? अजिबात नाही. फुटबॉलकडे चला. २२ नोव्हेंबर २०२२, कतार. अर्जेंटिना सलग ३६ मॅच न हरता आलेली, समोर सौदी अरेबिया. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. सौदीचा डिफेन्स बराच पुढे येऊन उभा राहत होता आणि अर्जेंटिनाचे फॉरवर्ड त्यात अडकत होते. पहिल्या हाफमध्येच त्यांचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले. हाफटाइम झाला, तरी चित्र बदललं नाही. ४८ आणि ५३ व्या मिनिटाला सौदीने दोन गोल केले आणि २-१ ने जिंकले.

फुटबॉलमध्ये कोचकडे हाफटाइम असतो, पाच बदली खेळाडू असतात, तो लाइनवर उभा राहून ओरडू शकतो. त्यामुळे मॅच चालू असतानाच्या चुकीतही त्याचा वाटा मोठा. आणि दुरुस्तीही त्यानेच केली: पुढच्या मेक्सिकोविरुद्धच्या मॅचला स्कालोनीने सुरुवातीच्या अकरामधले पाच जण बदलले. तो वर्ल्ड कप शेवटी कोणी जिंकला ते तुम्हाला माहीतच आहे.

म्हणजे पुढच्या वेळी असा निकाल लागला की तीन गोष्टी बघा. एक, टीम पहिल्यापासूनच चाचपडत होती का? मग तयारी तपासा, कोचला विचारा. दोन, हातात आलेली मॅच मध्येच सोडली का? मग कॅप्टन आणि खेळाडूंना विचारा. तीन, त्या खेळात कोचचा हात मैदानापर्यंत किती पोचतो? क्रिकेटमध्ये कमी, फुटबॉलमध्ये जास्त.

आणि एक चौथी गोष्ट, जी आपण प्रेक्षक कायम विसरतो. पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशकडून तिघांनी अर्धशतकं केली: तमीम, शाकिब, मुशफिकूर. तिघंही तेव्हा विशीच्या आत. मॅचच्या आदल्या दिवशीच त्यांचा एक सहकारी, मंजुरल इस्लाम राणा, मायदेशी अपघातात गेला होता. ते दुःख घेऊन ही पोरं उतरली आणि जिंकली. त्याच वर्ल्ड कपमध्ये पुढे त्यांनी साउथ आफ्रिकेलाही हरवलं. आपण मात्र इतकी वर्षं एवढंच म्हणतोय, "आपण हलक्यात घेतलं." म्हणजे जिंकलेल्याचं श्रेयसुद्धा आपल्याच चुकीच्या खात्यात! गंमत म्हणजे पुढे सुपर एटमध्ये ह्याच बांगलादेशला आयर्लंडने ७४ धावांनी हरवलं. लिंबूटिंबूचा शिक्का असा फिरत असतो, आज ह्याच्यावर, उद्या त्याच्यावर.

तुमच्यातले किती तरी जण सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये, कॉलेजच्या टीममध्ये कॅप्टन असाल. पुढच्या रविवारी समोर "ती सोपी टीम" आली, तर आधी एवढं विचारा: त्यांचे शेवटचे दोन सामने आपल्यापैकी कोणी पाहिलेत का? कोणीच हात वर केला नाही, तर टॉसच्या आधीच थोडं काम बाकी आहे.

तुम्ही पाहिलेला असा निकाल कोणता, आणि त्यात घड्याळ कुठे थांबवाल? व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत ऐकत राहा, खेळत राहा. भेटू!