कान्हेरीची फेरी : हिशेब परतीपासून

कार्तिकी पौर्णिमा झाली की चातुर्मासासाठी स्थिरावलेल्या साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. उपनगरांतील श्रावक कुटुंबांतही याच दिवसांत कुठेतरी पायी जाऊन येण्याची टूम निघते. पावसाळ्यात वाटेवरचे कोवळे अंकुर आणि जीवजंतू पायाखाली येतील, या विचाराने चार महिने बेत मागे ठेवलेला असतो. मार्गशीर्षात वाट कोरडी होते, हवा सुखद असते आणि दुकानातील दिवाळीची धांदलही ओसरलेली असते. मुंबईकराला त्यासाठी घाटमाथ्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर पसरलेले आहे. डोंगर, उघडा कातळ आणि नदी ही तिन्ही तेथे एका दिवसात पाहून होतात.

बेत आखताना घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो निघायचे किती वाजता, हा. वास्तविक पहिला आकडा ठरवावा तो परतण्याचा. हुंडीचा व्यवहार करणारा जुना व्यापारी रकमेआधी मुदत पाहत असे. पायी फिरण्याचेही तसेच आहे.

समजा, घाटकोपरचे सहा जणांचे कुटुंब आहे. आजोबा सत्तरीचे, नात नऊ वर्षांची, आणि आजींचा चौविहार कधी चुकत नाही. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हातपाय धुऊन, ताटे वाढून, जेवण आटोपण्यास तास लागतोच. म्हणजे पाचला घरी पोहोचले पाहिजे. मेट्रो 7 वर ‘राष्ट्रीय उद्यान’ हे स्थानकच आहे. तेथून गुंदवली, मग पादचारी पुलावरून मेट्रो 1 चे स्थानक आणि पुढे घाटकोपर. चालणे आणि गाडीची वाट पाहणे धरून या प्रवासाला दीड तास ठेवावा. म्हणजे उद्यानाच्या दाराबाहेर साडेतीनला. कान्हेरीपासून दारापर्यंत सहा-सात किलोमीटरची डांबरी सडक आहे. आजोबा आणि नात यांच्या चालीने, बसत-उठत, दोन तास. तेव्हा कान्हेरीहून दीड वाजता पाय निघालाच पाहिजे. हा दीडचा आकडा सर्वांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावा. डोंगरावर, ऊन चांगले पडले असताना आणि मुले रमलेली असताना, तो कोणालाच आवडत नाही.

सकाळची बाजू सोपी आहे. पर्यटकांसाठी उद्यान साडेसातला उघडते, सोमवारी बंद असते. या दिवसांत सूर्योदय सातच्या आसपास, त्यामुळे नवकारशीचे पच्चक्खाण असणाऱ्यांना आत आल्यावरच नाश्ता करता येतो. उद्यानाच्या परिसरातील त्रिमूर्ती दिगंबर मंदिरात आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या उभ्या भव्य मूर्ती आहेत. तेथे दर्शन घेऊन सव्वाआठला सडकेला लागले, तर सव्वादहापर्यंत कान्हेरी येते.

येथे नकाशा पाहणाऱ्यांची एक समजूत दूर केली पाहिजे. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये नकाशावर केवळ हिरवा पट्टा दिसतो. मुलुंडच्या तरुणांना वाटते, बोरिवलीहून आत शिरावे, तुळशी तलावाजवळून मुलुंडला उतरावे आणि रेल्वेने फिरून वर्तुळ पूर्ण करावे. हा बेत मुळातच सोडून द्यावा. 1860 चा विहार आणि 1879 चा तुळशी हे शहराला पाणी पुरवणारे तलाव असून त्यांचा परिसर संरक्षित आहे. भोवतीचे रान बिबट्यांचे आहे आणि वनविभागाच्या परवानगीशिवाय आडवाटेने शिरणे हा गुन्हा आहे. मुलुंडकरांनीही घाटकोपरमार्गे मेट्रोनेच यावे. त्यामुळे या फेरीचा आकार पळीसारखा होतो : लांब दांडा म्हणजे सडक, आणि टोकाचा गोल भाग कान्हेरीच्या डोंगरावर.

तो गोल भाग मात्र तीन तास देण्याजोगा आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापासून कातळात खोदलेल्या पायऱ्या वर जातात. लेण्यांची संख्या शंभरावर आहे. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे येथे वस्ती आणि खोदकाम चालू होते. माथ्यावर झाडी विरळ होत जाते आणि काळा कातळ उघडा पडतो, मधूनमधून वाळके पिवळे गवत. पश्चिमेकडे बोरिवलीचे मनोरे दिसतात. डोंगरात कारवीही आहे. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. 2016 नंतर 2024 मध्ये फुलली. ज्यांचा तो बहर हुकला, त्यांना आता 2032 ची वाट पाहावी लागेल.

व्यापारी कुटुंबाने येथे थांबून पाहावे ते पाण्याची टाकी आणि शिलालेख. बहुतेक लेण्यांपाशी कातळात कोरलेले टाके आहे आणि पावसाचे पाणी त्यात आणणारे चरही. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. त्यांचा खर्च सोपारा, कल्याण अशा बंदरांतील आणि पेठांतील व्यापाऱ्यांनी दिला, हे त्यांच्या नावानिशी कोरलेले आहे. दानाची पद्धत तर बँकेत आयुष्य काढलेल्या माणसालाही थक्क करील. ‘अक्षयनीवी’ म्हणजे मुद्दल कायम ठेवायचे आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रे द्यायची, डागडुजी करायची. आजच्या धर्मादाय न्यासांचा कायमनिधी याच तत्त्वावर चालतो. नवव्या शतकातील लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे नाव येते. जैन वाचकाला ते परके वाटू नये. आचार्य जिनसेन हे त्याचे गुरू. त्याच्या काळात गौड देशातून आलेल्या एका उपासकाने येथे शंभर द्रम्मांचे दान दिल्याचा लेख आहे. श्रमण परंपरेच्या एका शाखेची लेणी आणि दुसऱ्या शाखेकडे ओढा असलेला सम्राट यांची गाठ अशी एका कातळावर पडते.

पायऱ्या जेथवर नेतात तेथवरच जावे. पलीकडील निसर्गवाटांसाठी परवानगी आणि मार्गदर्शक लागतो. गोल फेरीतला खरा धोका मध्यावर असतो. मध्य ओलांडला की मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब होते, आणि थकलेला माणूस ‘आता थोडेच राहिले’ म्हणून पुढेच जातो. म्हणून दुसरी वेळही ठरवावी : बारा वाजेपर्यंत माथा आला नाही, तर आल्या पायऱ्यांनीच उतरावे. माथा वेळेत आला तर दोन टेकड्यांमधल्या घळीकडे उतरून, ओढ्याच्या काठाने पुन्हा पायथ्याशी येता येते. डिसेंबरात हा ओढा निरुपद्रवी दिसतो. जुलैत तीच घळ फसवी असते. वर डोंगरात सर आली, तर खाली ऊन असतानाही पाणी एकाएकी चढते, आणि भरल्या ओढ्यात गुडघाभर पाण्यातही पाय उचलला जातो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच डोंगरांतून निघणाऱ्या नद्यांनी उपनगरांत काय केले, ते अनेक घरांना आठवत असेल. पावसाळ्यातील सहलीला ‘नाही’ म्हणण्यास जीवदयेइतकेच हेही कारण पुरेसे आहे.

परतीच्या सडकेवर दहिसर नदी भेटते. तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावून ती उद्यानातून वाहते. झाडांच्या सावलीतले तिचे पात्र पाहिलेल्या मुलाला, उद्यानाबाहेर सिमेंटच्या भिंतींमधून मनोरीच्या खाडीकडे जाणारा काळा प्रवाह हीच ती नदी, हे सांगून पटत नाही. दोन्ही दाखवावीत.

शिदोरीबद्दल फार सांगायला नको. थेपले, खाखरे, सुकी चटणी, शेव-कुरमुरे; हे सारे पिशवीत बंद ठेवावे, कारण कान्हेरीची माकडे हातातला डबा नेतात. प्लास्टिक दारावरच अडवले जाते, म्हणून स्टीलच्या बाटल्या. मोठ्या माणसाला दोन लिटर पाणी, पहाटे उकळून गार केलेले. टाक्यांतले पाणी पिऊ नये. दोन लिटर म्हणजे दोन किलो ओझे, तेव्हा आजोबांच्या वाट्याचे पाणी तरुणांनी उचलावे. दाराजवळून कान्हेरीपर्यंत बसही असते. तिचा उपयोग राखीव निधीसारखा करावा : गुडघा कुरकुरू लागला तर आजोबांनी आणि त्यांच्यासोबत एकाने बसने उतरावे, बाकीच्यांनी चालत यावे, आणि दारापाशी साडेतीनला सर्वांनी एकत्र यावे.