लाकडी मुद्राक्षरे

भित्तिपत्रके, जाहिराती इत्यादींतील मोठ्या अक्षरांच्या छपाईसाठी वापरले जाणारे लाकडी खिळे. लेटरप्रेस म्हणजे उठावाच्या मुद्रणात धातूचे खिळे मोठ्या आकारात ओतल्यास फार जड होतात व थंड होताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. म्हणून लाकडाचा अवलंब झाला. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये फिरत्या पात्याच्या यंत्राने अशी अक्षरे मोठ्या प्रमाणावर कोरण्यास प्रारंभ केला. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी यंत्रास पँटोग्राफची जोड दिल्यावर एकाच नमुन्यावरून निरनिराळ्या आकारांची अक्षरे मिळू लागली.

मॅपलचे मुरवलेले लाकूड खोडाच्या आडव्या छेदात कापतात. त्यामुळे तंतूंची टोके वर येऊन कडा रेखीव राहतात व दाब सहन होतो. उंची धातूच्या खिळ्याइतकीच, ०·९१८ इंच, असावी लागते. झीज झाल्यास अक्षराखाली कागदाचे तुकडे लावून ती भरून काढतात.

ऑफसेट मुद्रणाच्या प्रसारानंतर बरीच अक्षरे मोडीत निघाली. विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स येथे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या हॅमिल्टन संग्रहालयात त्यांचे सु. १५ लाख नग असून तेथे त्यांवर प्रत्यक्ष छपाईही होते. सार्वजनिक मुद्राचित्रशाळांत सभासदांचे खण सामायिक असल्याने एकाच्या हातून कड तुटलेले अक्षर पुढील सर्वांच्याच छपाईत तुटके उमटते. जुन्या अक्षरांवरील ओरखडे आज अनेकांना शोभेचे वाटतात. मूळ कारागिराने मात्र ते दोषच मानले असते. उणी पडलेली अक्षरे आता संगणक-नियंत्रित यंत्रावर नव्याने कोरता येतात. पाते गोल फिरत असल्याने आतील कोपरे तेवढे हातानेच साधावे लागतात.