गळाचे रीळ : होडीतील हलक्या काठीसाठी

गळाने मासे धरताना लागणारी दोरी गुंडाळून ठेवण्यासाठी, हवी तेव्हा सोडण्यासाठी व मासा लागल्यावर परत ओढून घेण्यासाठी काठीच्या मुठीजवळ बसविलेल्या फिरत्या साधनास गळाचे रीळ म्हणतात. तळ्याकाठी वापरावयाच्या साध्या काठीला रिळाची गरज नसते. दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली असते. कोकणात होडीतून गरवताना लाकडी फळीवर किंवा बाटलीवर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) हातानेच सोडतात व ओढतात. तेथे काठी आणि रीळ या दोहोंचे काम बोटे करतात. काठी व रीळ वापरून समुद्रात होडीतून मासे धरण्याचा छंद मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इ. देशांत वाढला आणि लहान रिळांचे आजचे प्रकार तेथील गरजांतून घडले. अलीकडे मालवण, रत्नागिरी व गोवा येथील किनाऱ्यांवरही हौशी लोक अशी साधने वापरताना दिसतात.

होडीतील हलकी काठी म्हणजे सामान्यतः २ ते २·५ मी. लांबीची आणि ६ ते १० किग्रॅ. ताण सोसणाऱ्या दोरीसाठी बनविलेली काठी. आंतरराष्ट्रीय क्रीडा-मत्स्य संघटनेने (स्थापना १९३९) विक्रमांच्या नोंदीसाठी दोरीचे वर्ग ठरविले असून ६, ८, १०, १५, २४ किग्रॅ. हे त्यांपैकी काही होत. इंग्लंडच्या किनाऱ्यावर १२ व २० पौंडी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या काठ्या यांतील खालच्या वर्गांत मोडतात. २० ते ४० मी. खोल पाण्यात १०० ते २५० ग्रॅ. वजनाचे शिसे सोडून पोलॅक, ब्रीम, व्हायटिंग, लहान कॉड यांसारखे मासे धरणे हे या काठीचे काम. अशा काठीवर मोठे अवजड रीळ बसविले, तर काठीचा तोल मुठीकडे जातो, मनगट दुखू लागते आणि माशाने आमिषाला केलेला हलका स्पर्श हाताला कळत नाही. उलट रीळ फारच लहान घेतले, तर अडचण मासा लागल्यानंतर उभी राहते.

इतिहास : रिळाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्रण चीनमधील आहे. दक्षिण सुंग काळातील चित्रकार मा युआन यांच्या सु. ११९५ मधील चित्रात हिवाळी सरोवरावर एकटा बसलेला कोळी दाखविला असून त्याच्या काठीला चाकासारखे रीळ आहे. इंग्लंडमध्ये टॉमस बार्कर यांच्या १६५१ मधील पुस्तकात अशा साधनाचा उल्लेख आढळतो. हातळाच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे होतील असे दंतचक्रयुक्त रीळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील केंटकी राज्यात नावारूपास आले व ते घडविणारे पहिले कारागीर घड्याळजी होते. यात नवल नाही. कारण लहान दंतचक्रे अचूक कापण्याचे कसब त्या काळी त्यांच्याकडेच होते. स्वीडनमधील आबू ही कंपनीही (१९२१) आरंभी घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर बनवीत असे. तिचे ‘अँबॅसडर ५०००’ हे १९५२ मधील लहान रीळ पुढील अनेक रिळांचा आदर्श ठरले.

समुद्रातील वापराच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची सुधारणा १९१३ च्या सुमारास झाली. तोपर्यंत मासा दोरी ओढू लागला की फिरकीबरोबर हातळही उलटे गरगर फिरे आणि मासे धरणाऱ्याची बोटे फोडी. फिरकीला आवर घालण्यासाठी तिच्यावर चामड्याची गादी अंगठ्याने दाबून धरावी लागे. विल्यम बोशेन यांच्या कल्पनेवरून ब्रुकलिनच्या ज्यूलियस व्हॉम होफ यांनी असे रीळ बनविले की, ज्यात हातळ स्थिर राहते आणि आतील चकत्यांमधील घर्षणाविरुद्ध फिरकी तेवढी घसरते. हातळाखालील तारकाकृती चक्र फिरवून हे घर्षण कमीजास्त करता येते. आजच्या बहुतेक लहान समुद्री रिळांतील रोधक याच तत्त्वावर चालतो.

प्रकार : लहान रिळांत निवड मुख्यतः दोन प्रकारांत करावी लागते. गुणक रीळ (व्यवहारात मल्टिप्लायर) काठीच्या वरच्या बाजूस बसते व त्याची फिरकी काठीला आडवी असून स्वतः फिरते. स्थिर फिरकीचे रीळ काठीच्या खाली लटकते. त्यात फिरकी फिरत नाही, तर तिच्याभोवती फिरणारी तारेची कमान दोरी गुंडाळते. दुसऱ्या प्रकाराचे एकस्व (पेटंट) ब्रॅडफर्ड येथील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये घेतले. ते कापडधंद्यातील होते आणि चातीवरून सूत सुटते त्या रीतीने दोरी सुटावी, ही त्यांची कल्पना होती. हलके आमिष दूर फेकण्यास हे रीळ उत्तम. होडीतून शिसे सरळ खाली सोडण्याच्या कामी मात्र त्यात दोन उणिवा आहेत. कमानीवरील लहान रोधणीपाशी दोरी काटकोनात वळत असल्याने भार जड असताना तेथे घर्षण व झीज होते. शिवाय मासा दोरी ओढत असताना हातळ फिरवीत राहिल्यास प्रत्येक फेऱ्यामागे दोरीला चार-पाच पीळ बसतात. गुणक रिळात दोरी सरळ रेषेत येते, अंगठा फिरकीवर ठेवून शिसे हवे तेथे थांबविता येते आणि ते तळाला टेकल्याचे ताबडतोब समजते. म्हणून तळाजवळचे मासे धरणाऱ्याने लहान गुणक रीळ घ्यावे, हे मत सर्वसाधारणपणे ग्राह्य धरण्यास हरकत नाही. उथळ पाण्यात आमिष फेकून ओढणारा मनुष्य मात्र स्थिर फिरकीवर अधिक संतुष्ट राहील. काठीही त्याप्रमाणे निवडावी लागते. गुणक रिळाच्या काठीवर दोरी कड्यांच्या वरून जात असल्याने कड्यांची संख्या अधिक लागते. अन्यथा वाकलेल्या काठीला दोरी घासते.

फिरकी व दोरीचा ताण : लहान रिळातील खरा धोका फिरकीच्या आकारात दडलेला असतो व विक्रेत्याच्या माहितीपत्रकात त्याचा क्वचितच उल्लेख असतो. रोधक फिरकीच्या अक्षावर ठराविक परिबल (फिरविणारा जोर) लावतो. दोरीवर पडणारा ताण हे परिबल भागिले दोरीच्या वेटोळ्याची त्रिज्या इतका असतो. भरलेल्या फिरकीची त्रिज्या २२ मिमी. आहे व त्या वेळी ताणकाट्याला दोरी बांधून रोधक ३ किग्रॅ.वर लावला आहे असे समजू. मासा दोरी घेऊन दूर गेला आणि फिरकीवरील वेटोळ्याची त्रिज्या ११ मिमी. उरली, की रोधकाला हात न लावताही तोच ताण ६ किग्रॅ. होतो. त्यात वाकलेल्या काठीच्या कड्यांवरील घर्षण आणि पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोरीचा अवरोध यांची भर पडते. ९ किग्रॅ.ची दोरी गाठीपाशी साधारण ७ किग्रॅ.लाच तुटत असेल, तर अशा वेळी ती तुटणारच. मासा जातो, परंतु तोंडातील गळ आणि मागे ओढली जाणारी कित्येक मीटर दोरी घेऊन जातो. नायलॉन समुद्रात वर्षानुवर्षे कुजत नाही आणि अशी दोरी खडकांत अडकून इतर जिवांनाही घातक ठरते. मासा दूर जाऊ लागल्यावर रोधक आवळण्याचा मोह सर्वांना होतो. खरे पाहता तो त्या क्षणी सैल करावयास हवा.

यावरून लहान रीळ निवडताना फिरकीची रुंदी व भरीव गाभ्याची जाडी पाहणे अगत्याचे ठरते. जाड गाभ्याच्या फिरकीवर दोरी कमी मावते, पण दोरी सुटत असताना त्रिज्या फारशी बदलत नाही. दोरी जितकी बारीक, तितका हा लाभ घेता येतो. एखाद्या फिरकीवर मावणारी दोरीची लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोरी निम्म्या जाडीची घेतली तर ती चौपट लांबीची मावते. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाच्या विणीव दोऱ्या १९९० नंतर प्रचारात आल्या आणि लहान रिळांना जणू नवे आयुष्य मिळाले. त्याच ताणाच्या नायलॉनपेक्षा त्या बऱ्याच बारीक असतात, भरतीओहोटीच्या प्रवाहात कमी वाहतात व त्यामुळे हलक्या शिशाने तळ गाठता येतो. त्या फारशा ताणल्या जात नाहीत. म्हणून ४० मी. खालचा स्पर्शही हाताला जाणवतो. पण नायलॉन ताणले जाऊन झटका शोषून घेते, तो गुण त्यांत नाही. त्यामुळे विणीव दोरीबरोबर रोधक अधिक तरल असावा लागतो आणि टोकाशी काही मीटर नायलॉन जोडण्याची रीत आहे. गुळगुळीत गाभ्यावर विणीव दोरी घसरते. सबब आरंभी थोडे नायलॉन गुंडाळावे व विणीव दोरी ताण देऊनच भरावी. सैल भरल्यास ती स्वतःच्याच वेटोळ्यांत रुतते. नायलॉनचा धोका वेगळा आहे. ताणलेल्या स्थितीत गुंडाळले गेलेले नायलॉन आकुंचन पावू पाहते व फिरकीच्या दोन्ही कडांवर मोठा दाब देते. प्लॅस्टिकच्या फिरक्या यामुळे फुटल्याची उदाहरणे आहेत. म्हणून समुद्रात धातूची फिरकीच घ्यावी.

रोधकाच्या चकत्या पूर्वी तेल पाजलेल्या चामड्याच्या असत, नंतर नमदा व निरनिराळी संश्लिष्ट द्रव्ये आली. आता कार्बनतंतूच्या चकत्या सर्वमान्य आहेत. रोधकाच्या कमाल जोराचा आकडा मोठा असण्यापेक्षा तो घसरू लागताना झटका बसत नाही, हे महत्त्वाचे. स्थिर घर्षण गतिमान घर्षणापेक्षा अधिक असल्याने हलक्या प्रतीच्या रिळात फिरकी आधी अडून मग एकदम सुटते आणि बारीक दोरी त्याच क्षणी तुटते. दुकानातच दोरीचे टोक ताणकाट्याला बांधून हळूहळू ओढून पाहिल्यास काटा स्थिर राहतो की उड्या मारतो हे कळते. रोधक दोरीच्या ताणक्षमतेच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याइतका लावण्याचा प्रघात आहे. तारकाकृती चक्राऐवजी तरफेने चालणाऱ्या रोधकात ठराविक खुणेशी ठराविक ताण मिळतो, ही सोय खरी. पण लहान रिळांत त्यामुळे वजन व किंमत वाढते आणि ६ किग्रॅ.च्या दोरीला तिची सहसा गरज भासत नाही.

दंतचक्र गुणोत्तर : लहान रिळांत हे सामान्यतः ४ : १ ते ६ : १ असते. ५ : १ गुणोत्तराच्या, ४४ मिमी. व्यासापर्यंत भरलेल्या फिरकीवर हातळाच्या एका फेऱ्यात सु. ६९ सेंमी. दोरी येते, व्यास निम्मा झाला की ती सु. ३५ सेंमी. येते. वेग वाढला की जोर घटतो. ६० मिमी. लांबीच्या हातळावर ४ किग्रॅ. जोर लावल्यास भरलेल्या फिरकीवर ५ : १ गुणोत्तराने सु. २·२ किग्रॅ., तर ४ : १ गुणोत्तराने सु. २·७ किग्रॅ. ओढ मिळते (आतील घर्षण वगळून). वरच्या पाण्यात धातूचे आमिष वेगाने ओढावयाचे असल्यास अधिक गुणोत्तर उपयुक्त ठरते. कोकणच्या खडकाळ तळावरील गोबरा किंवा तांबोशी गळाला लागताच कपारीकडे धावते. तेथे पहिल्या काही सेकंदांत मासा उचलून धरणारे कमी गुणोत्तराचे रीळ व लांब हातळ बरे. मात्र जड मासा केवळ हातळाने ओढू नये. काठी वर उचलून मासा आणावा व काठी खाली नेताना सुटलेली दोरी गुंडाळावी. अन्यथा लहान दंतचक्रांचे दाते लवकर झिजतात.

दोरी आपोआप समपातळीत पसरविणारी सरकती कडी असलेल्या रिळांबाबत मतभेद आहेत. नवख्याला ती सोयीची असते; तिच्याविना दोरी अंगठ्याने डावीउजवीकडे सारावी लागते आणि अंधारात किंवा थंडीने बोटे बधिर झाली असता ती एका बाजूस ढीग होऊन अडकते. पण या कडीला फिरविणारा स्क्रू उघडा असल्याने त्यात मीठ व वाळू साचते. होडीतून दोरी फेकावी लागत नाही; सबब कडीमुळे फेकीचे अंतर घटते हा आक्षेप येथे गैरलागू आहे. स्वच्छतेचा कंटाळा नसल्यास लहान रिळावर ती असावी.

द्रव्ये व निगा : समुद्राच्या पाण्यात अगंज पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनियमाच्या सांगाड्यात बसविलेला असेल, तर त्या दोन धातूंमध्ये विद्युत् रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. प्रत्येक स्क्रू काढून त्यावर जलरोधक वंगण लावणे हा साधा उपाय आहे. ग्रॅफाइटमिश्रित प्लॅस्टिकचा सांगाडा गंजत नाही व हलका असतो, पण जोर पडला असता किंचित पिळवटतो आणि दंतचक्रांची जुळणी बिघडते. धातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेला सांगाडा या बाबतीत सर्वांत श्रेष्ठ व सर्वांत महाग. गोलक धारव्यांची (बॉल बेअरिंगांची) संख्या जाहिरातीत ठळक अक्षरांत छापतात. गंज न धरणारे तीन-चार चांगले धारवे दहा सामान्य धारव्यांपेक्षा अधिक टिकतात आणि न गंजणारे साधे कासे-धारवेही होडीच्या कामी पुरेसे असतात.

वापरानंतर रोधक आवळून रिळावर गोडे पाणी हलकेच ओतावे, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही. जोराच्या धारेखाली धरल्यास मीठ निघण्याऐवजी आत ढकलले जाते. वाळल्यावर रोधक पूर्ण सैल करून ठेवावा; दाबून राहिलेल्या चकत्या एकमेकींना चिकटतात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने रीळ तीनचार महिने पडून राहते. अशा वेळी दमट हवेत ते पिशवीत बंद न करता उघडे ठेवावे आणि दोरीचे आरंभीचे काही मीटर पुढील हंगामापूर्वी कापून टाकावेत. जुने रीळ विकत घेताना हातळ मागेपुढे हलवून दंतचक्रांतील ढिलेपणा पाहावा, फिरकी मोकळी सोडून ती किती वेळ फिरते ते मोजावे व चकत्या आणि धारवे या सुट्या भागांचा पुरवठा अजून होतो की नाही, हे आधी विचारावे.