रॅम टाकण्याआधी नंबर वाचा

"भाऊ, रॅम वाढवून द्या, लय हँग होते." जुना लॅपटॉप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. मी आधी बायोस उघडून प्रोसेसरचा नंबर वाचतो. आर्णीत सगळेच सुटे भाग मिळत नाहीत, यवतमाळहून मागवावे लागतात. चुकीचा भाग आला की गिऱ्हाइकाचे दिवस जातात.

परवाच्या मशीनमध्ये आय३-४००५यू होता, चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा. नंबराच्या शेवटी 'यू' दिसला की प्रोसेसर बोर्डवर सोल्डर केलेला आहे असं समजायचं. तो बदलायचा विषय तिथेच संपतो. रॅम १६ जीबीपर्यंत चालते, पण डीडीआर३एल लागते. साधी डीडीआर३ त्याच खाचेत चपखल बसते आणि घोळ तिथेच होतो: साधीला दीड व्होल्ट लागतो, या बोर्डकडून मिळतो १.३५. स्क्रीन काळीच राहते. पट्टीच्या स्टिकरवर 'पीसी३एल' दिसल्याशिवाय मी ती घेत नाही.

खरा फरक पडतो हार्डडिस्क काढल्यावर. मागचं झाकण उघडून आधी बॅटरी सुटी करायची, मग डिस्कचे स्क्रू काढून ती हळूच कडेला ओढायची. आत तबकडी फिरते आणि प्रत्येक बारीक फाइलसाठी वाचणारं डोकं इकडून तिकडे धावतं. मशीन अडकतं ते त्यामुळे. त्याच जागी अडीच इंची एसएसडी बसते आणि ही धावाधाव संपते. एनव्हीएमई आणखी वेगवान, पण या बोर्डवर तिला जागाच नाही.

झाकण उघडंच असतं, तेव्हा पंखाही साफ करतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. जाळीत धूळ दाटलेली, थर्मल पेस्ट सुकून खडखडीत झालेली. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. नवी रॅम विकण्याआधी हे काम करायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

एक मर्यादा मात्र स्क्रू ड्रायव्हरने हलत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. आडमार्गाने ती चढवता येते, पण पुढच्या अपडेटची हमी कंपनी देत नाही, म्हणून मी तसं करत नाही. अभ्यास, इंटरनेट, ऑनलाइन अर्ज एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाकून देतो. टॅलीसारखं विंडोजवरचं काम असेल तर नवीनच मशीन बघा म्हणून सांगतो.

एसएसडी टाका, रॅम आठ जीबी करा. एवढ्या जुन्या मशीनवर त्यापुढे पैसे घालू नका.