लहरींचा हिशेब आणि पीएचडीची वाट

“पोरगी एमएस्सी फिजिक्स झाली, आता कॉम्प्युटेशनल इलेक्ट्रोमॅग्नेटिक्समध्ये पीएचडी करतो म्हणते. सर, हे असते तरी काय? अन् यात भाकरी आहे का?” अमरावती-अकोल्याचे पालक असं विचारतात, तेव्हा आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

मोबाइल, वायफाय, रडार हे सगळं विद्युतचुंबकीय लहरींवर चालतं. या लहरींचे नियम मॅक्सवेलने १८६५ मध्ये मांडले. गोळा किंवा सरळ तार असेल तर ती समीकरणं कागदावर सुटतात. पण कानाला लावलेला मोबाइल आणि माणसाचं डोकं? तिथे कागद संपतो.

१९६६ मध्ये केन यी यांनी एक युक्ती दिली: जागेचे बारीक चौकोनी डबे पाडा, वेळेचेही तुकडे करा आणि प्रत्येक डब्यात वीज व चुंबकत्वाचे सहा आकडे पुन्हा पुन्हा मोजा. २० सेंटीमीटरच्या घनाचे २ मिलीमीटरचे डबे पाडले तर १० लाख डबे होतात, म्हणजे ६० लाख आकडे, आणि तेही वेळेच्या प्रत्येक तुकड्याला. डब्याची बाजू निम्मी केली की डबे आठपट आणि वेळेचे तुकडे दुप्पट. काम १६ पट. कमी कामात अचूक उत्तर कसं काढायचं, यावरच बरंचसं संशोधन चालतं.

उपयोग? भारतात मोबाइलसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे; नवा अँटेना बनवताना हा आकडा आधी संगणकावरच तपासता येतो. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाने सोडलेला निसार उपग्रह रडारने जमिनीतली ओल टिपतो. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरलं की लहर कशी परतते, हाही याच विषयातला प्रश्न. कपाशी-सोयाबीनवाल्या वऱ्हाडाला तो परका नाही.

सुरुवातीला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पायथन शिकावं, एमआयटीत तयार झालेलं मीप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर छोटी गणितं होतात. मोठ्या हिशेबाला मात्र संस्थेचं यंत्र हवं. खरी अडचण अकरावीतच होते. नीटच्या नादात आपण मुलांचं, त्यातही मुलींचं, गणित सोडवतो अन् हा दरवाजा तिथेच बंद होतो.

आता भाकरीचं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. हा आपल्या घरांना बसलेला मोठा फटका आहे, आणि तो मान्य करूनच पुढची आखणी करावी लागेल. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि घरभाडं वेगळं. म्हणून एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच नेटची तयारी सुरू करा. पुढे कॉलेजांत शिकवणं, इस्रो, संरक्षण संशोधन, अँटेना बनवणाऱ्या कंपन्या असे रस्ते आहेत.

घरी राहून करायची असेल तर अमरावती, अकोल्यासह पाच जिल्ह्यांसाठी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे. विषय ठरवण्याआधी मार्गदर्शकाकडे जागा आहे का, आणि त्याचं स्वतःचं काम संगणकीय आहे का, हे विचारा. पीएचडीला एमएस्सीत ५५ टक्के लागतात. नॉन-क्रीमीलेअर ओबीसीला ५ टक्के सूट आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा बऱ्याच जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तो दाखला जाहिरात निघाल्यावर नव्हे, आत्ताच काढून ठेवा.