चार सेल आणि एक पहारेकरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घराला चाकं लावून हिंडण्याची हौस आपल्याकडे आता चांगलीच रुजली आहे. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्याआधीही ओम्नी, ईको, ट्रॅव्हलर अशा गाड्यांत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवणारे हौशी लोक होतेच. (गाडीत फेरफार करताना आरटीओचे नियम पाहावे लागतात, तो विषय आज बाजूला ठेवू.) माझं काम बॅटऱ्यांचं. बेताच्या खर्चात गाडी सजवणारी मंडळी येतात आणि म्हणतात, ‘सेल चांगले घेतलेत. आता बीएमएस कुठलाही स्वस्तातला चालेल ना?’

चालत नाही. का, ते सांगतो.

बीएमएस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. दिसायला तळहाताएवढी पट्टी आणि तिला चार-पाच बारीक वायरी. ती कशासाठी हे समजायला सेलची ओळख हवी. गाडीतल्या घरासाठी हल्ली बहुतेक जण लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचे सेल घेतात. हे रसायन बॅटरीत वापरता येईल हे टेक्सास विद्यापीठात पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. पहिली दोन नावं भारतीय आहेत. एक सेल ३.२ व्होल्टचा. असे चार एकामागे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. एक सेल ३.६५ व्होल्टच्या वर आणि अडीच व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो.

अडचण अशी की चार्जरला एकेक सेल दिसत नाही, फक्त बेरीज दिसते. पंगतीत चार पानं मांडली आहेत आणि वाढप्याला एकूण भात किती गेला एवढंच कळतं, असं समजा. तिघं ३.५५ वर आणि एक ३.९५ वर असला तरी बेरीज १४.६ येते. चार्जरच्या दृष्टीनं सगळं आलबेल आणि इकडे एक सेल फुगायला लागलेला. प्रत्येक पानाकडे पाहून ‘पुरे’ म्हणणारा तो बीएमएस. व्होल्टेज फार वर गेलं, फार खाली गेलं, प्रवाह जास्त झाला, शॉर्ट झालं किंवा तापमान बिघडलं, की तो वाट तोडतो.

निवडताना पहिला प्रश्न दुकानातला नाही, स्वयंपाकघरातला आहे. चहा-भात कशावर करणार? पंखा, दिवे, मोबाइल, लॅपटॉप आणि छोटा फ्रिज मिळून अडीचशे वॅट धरले, तर १२ व्होल्टला जेमतेम २० अँपिअर लागतात. पण इंडक्शन शेगडी आली की हिशेब पालटतो. १८०० वॅटची शेगडी, त्यावर इन्व्हर्टरची तूट धरली, तर बॅटरीतून सुमारे १६० अँपिअर खेचले जातात. त्यासाठी दोनशेच्या पुढचा बीएमएस, अंगठ्याएवढी जाड केबल, मोठा इन्व्हर्टर आणि शंभर अँपिअर-तासांपेक्षा बरीच मोठी बॅटरी हवी. कुकरच्या चार शिट्ट्यांपायी सगळं अंदाजपत्रक दुप्पट होतं. हात आखडता असेल तर मी सरळ सांगतो : पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि १०० अँपिअरच्या बीएमएसवर निवांत राहा.

आता हे ‘१०० अँपिअर’ म्हणजे तरी काय? स्वस्त पट्टीवर छापलेला आकडा कधी कधी क्षणभराचा असतो, सलग चालण्याचा नसतो. विकत घेताना ‘सलग किती?’ हे विचारायचं आणि माहितीपत्रकात लिहिलेलं पाहायचं. पट्टीतले मॉस्फेट नावाचे स्विच तापतात आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते : प्रवाह निम्मा केला तर उष्णता पाव होते. म्हणून गरज असेल त्याच्या दीडपट क्षमतेचा घ्यावा, असा माझा ठोकताळा आहे. गाडीत बसवण्याआधी अर्धा तास पूर्ण भार देऊन पट्टीला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर मे महिन्यात बंद गाडीत तिचं काय होईल, याचा अंदाज येतो.

नभोवाणीच्या शिस्तीप्रमाणे मी कंपन्यांची नावं घेत नाही. पण पैसे जिथे मुळीच वाचवू नयेत अशी एक जागा सांगतो, ती म्हणजे तापमानाची राखण. शून्य अंशाखाली हा सेल वीज देऊ शकतो, पण घेऊ शकत नाही. गोठलेल्या सेलमध्ये वीज भरली की लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूच्या रूपात साचतं. ते पुन्हा पूर्ण निघत नाही. क्षमता कायमची घटते आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. कोकणात फिरणाऱ्यांना याची चिंता नाही. पण आपली मंडळी लडाखला जातात. सरचूसारख्या ठिकाणी सप्टेंबरातही रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि सकाळी सहा-साडेसहाला छतावरच्या सोलर पॅनेलवर स्वच्छ ऊन पडतं. पॅनेल जागं होतं, सेल मात्र अजून गारठलेला असतो.

अशीच एक बॅटरी माझ्याकडे आली होती. लडाखची फेरी करून आलेलं कुटुंब, बॅटरी तयार मिळालेली, विकणाऱ्यानं ‘थंडीची सोय आहे’ असं सांगितलेलं. मोजली तर क्षमता पाऊणवर आलेली. पेटी उघडली, तेव्हा तापमानाची वायर सेलला चिकटवलेलीच नव्हती, गुंडाळी करून झाकणाखाली खोचलेली होती. ज्या पलंगाखाली ही पेटी होती, त्यावर त्यांची दोन मुलं झोपत असत.

ही परीक्षा घरी करता येते. आइस्क्रीमच्या पॉटला करतो तसं बर्फात जाडं मीठ घाला. तापमानाची वायर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात बुडवा आणि चार्जर लावा. दोन-चार मिनिटांत चार्जिंग थांबलं पाहिजे, पण दिवा मात्र चालूच राहिला पाहिजे. ब्लूटूथवर आकडे दाखवणारा बीएमएस असेल तर थंडीची मर्यादा कितीवर लावली आहे तेही पाहा. काहींत ती मुळातच उणे दहा-वीसवर ठेवलेली असते. ती शून्याच्या वर आणा. ब्लूटूथ ही चैन नाही, चारही सेलचे आकडे वेगवेगळे दिसतात ते तिच्यामुळेच.

सेल समान करण्याचं काम बीएमएस करतो खरा, पण त्याची चाल मुंगीची. साध्या पट्टीत हा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. २८० अँपिअर-तासांच्या सेलमध्ये एक टक्का फरक असला, तर तो भरायला ५६ तास लागतील, तेही बॅटरी जवळजवळ भरलेली असतानाचे. त्यामुळे जोडणीच्या आधी चारही सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत भरून घेणं उत्तम. किंवा एक-दोन अँपिअरनं वीज इकडून तिकडे नेणारा, ज्याला अ‍ॅक्टिव्ह बॅलन्सर म्हणतात तो असलेला बीएमएस घ्यावा. मोठ्या सेलसाठी तो वाढीव खर्च मला पटतो.

पुष्कळांचा समज असा, की बीएमएस आहे म्हणजे चार्जिंग आपोआप बंद होईल. होईल, पण तो त्याचा रोजचा धंदा नव्हे. चार्जर १४.२ ते १४.४ व्होल्टला थांबला पाहिजे, इन्व्हर्टर १२ च्या आसपास बंद झाला पाहिजे. इंजिनाच्या अल्टरनेटरला बॅटरी थेट जोडली आणि भरधाव प्रवाह चालू असताना बीएमएसनं वाट तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. फ्यूजही हवा, अगदी बॅटरीच्या धन टोकाजवळ. कारण मॉस्फेट बिघडला की बऱ्याचदा तो चालू अवस्थेतच अडकतो आणि मग तोडणारं दुसरं कुणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याला विचारा : बॅटरी पूर्ण उतरून बीएमएस बंद पडला तर तो जागा कसा होतो? काही बीएमएस चार्जरचं व्होल्टेज मिळाल्याशिवाय उठत नाहीत आणि काही सोलर कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरू होत नाहीत. दोघं एकमेकांची वाट पाहत बसतात. निर्जन घाटात ही जोडी जमली तर पंचाईत. ज्याला हातानं सुरू करायचं बटण आहे असा घ्यावा.

पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्म्याच्या थोडी वर भरून ठेवा. मुख्य स्विच बंद केला तरी बीएमएस स्वतःसाठी सेलमधून वीज घेतच असतो. १० मिलिअँपिअर धरले तरी १२० दिवसांत जवळजवळ २९ अँपिअर-तास जातात. शंभरच्या बॅटरीत पावच शिल्लक ठेवून गाडी झाकली, तर गणपतीला ती सुरू होणार नाही. श्रावणात एकदा आकडे पाहून घ्या.